हिशोबापेक्षा जास्त निकेल

समुद्रपूरच्या शेतात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा चकाकणारा दांडा पाहिलाय? तो कठीण क्रोमचा थर, विजेने चढवलेला. आजीच्या पितळी पातेल्यातली कल्हई त्याच्या उलट: आमटी कळकू द्यायची नाही, पण मऊ, घासून घासून उडायची.

कठीणपणा हवा आणि गंजही नको, तर मिश्रधातू. अमेरिकेत १९४०च्या दशकात ॲब्नर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल नळ्यांच्या आत विजेने निकेल-टंगस्टनचा थर चढवत होते. द्रावणात सोडियम हायपोफॉस्फाइट टाकलं आणि विजेच्या हिशोबापेक्षा जास्त थर बसला. (आमच्या ऑफिसात असा आकडा आला तर आधी बग शोधतात.) इथे बग नव्हता. विजेशिवायही निकेल बसत होतं, सोबत फॉस्फरस घेऊन.

हा थर ४०० अंश सेल्सिअसला तापवला की कठीणपणा जवळपास दुप्पट होतो. पण बारीक भेगा पडल्या, तर गंजाला वाट मिळते.