‘फाबियोला’ : धीर धरून वाचण्याचा ग्रंथ

ज्युबिलीच्या मंगल समयीं आपण पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करतों. त्या श्रद्धेसाठीं प्रथम रक्त सांडणाऱ्या रक्तसाक्षींची कथा सांगणारा एक ग्रंथ पुष्कळ वाचक आरंभींच मिटून ठेवतात, ही खेदाची गोष्ट होय. तो ग्रंथ म्हणजे कार्डिनल निकोलस वाइझमन यांची १८५४ सालीं प्रसिद्ध झालेली ‘फाबियोला’ ही इंग्रजी कादंबरी.

वाचकांची तक्रार अगदींच निराधार नाहीं. कथा इ. स. ३०२ मधील सप्टेंबरच्या एका दुपारीं सुरू होते. परंतु प्रथम दिसतें तें एका रोमन घराचें सविस्तर वर्णन. मग शाळेंतून परतलेला कुमार पांक्राशिउस व त्याची माता लुसीना यांचा दीर्घ संवाद. नायिका फाबियोला चौथ्या प्रकरणापर्यंत दृष्टीसही पडत नाहीं. दुसऱ्या भागांत तर कथा थांबवून ग्रंथकार कॅटाकोंबांचा, म्हणजे रोमच्या भुयारी दफनभूमींचा, इतिहास सांगूं लागतात. आम्हींही हा ग्रंथ दोन वेळां अर्धवट सोडला होता, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु हा विस्तार व्यर्थ नव्हे. वाइझमन १८१८ सालीं विद्यार्थी म्हणून रोमला गेले व १८२८ पासून १८४० पर्यंत तेथील इंग्लिश कॉलेजचे रेक्टर होते. १८५० सालीं ते वेस्टमिन्स्टरचे पहिले आर्चबिशप व कार्डिनल झाले. त्या पदाच्या व्यापांतून मिळालेल्या तुटक फुरसतींत त्यांनीं हें लेखन केलें. डोळ्यांनीं पाहिलेलें रोम ते वाचकांस दाखवीत होते. मात्र कादंबरी व इतिहास यांतील भेद विसरूं नये. कॅटाकोंब हीं मुख्यतः दफनस्थानें होतीं, राहण्याचीं ठिकाणें नव्हेत. नायिकाही कल्पित आहे. रोममध्यें रुग्णालय स्थापन करणाऱ्या संत फाबियोला निराळ्या, त्या ३९९ च्या सुमारास निवर्तल्या.

पहिल्या भागाचें नांवच ‘शांति’ असें आहे. इ. स. ३०३ मध्यें दिओक्लेतियन बादशहाचें फर्मान निघालें, देवालयें पाडलीं गेलीं, पवित्र ग्रंथ जाळले गेले. त्या वादळानें काय हिरावलें, हें कळण्यास आधींचीं शांत घरें पाहिलेलीं असावीं लागतात. त्याच संथ पानांत सर्व कथेचें बीज आहे. गर्विष्ठ फाबियोला प्रत्युत्तर दिल्याबद्दल आपल्या सायरा नामक दासीच्या दंडावर शस्त्रानें वार करते. आग्नेस त्या दासीला विकत घेऊं इच्छिते. पण सायरा धनिणीला सोडून जात नाहीं. अखेरीस मारेकऱ्याची कट्यार फाबियोलावर उगारली जाते, तेव्हां मध्यें येऊन तो घाव झेलते तीही हीच दासी. त्यानंतर फाबियोलाचें अंतःकरण ख्रिस्ताकडे वळतें.

पहिला घाव ज्यानें घाईनें वाचला, त्याला दुसऱ्याचें मोल कळणार नाहीं. आणि ज्यानें तेथेंच पुस्तक मिटलें, त्याच्यापुरती फाबियोला कायमची गर्विष्ठच राहिली. सायरानें धनिणीबाबत जो धीर धरला, त्याचा अल्पांश तरी आपण ग्रंथाबाबत धरावा. सायंकाळीं जपमाळेच्या प्रार्थनेनंतर घरांतील जाणत्यानें एकेक प्रकरण वाचावें व मुलांस मराठींत सांगावें. चौथ्या प्रकरणापर्यंत पोहोंचलें, कीं पुढचें प्रकरण मुलेंच मागतील.