बेगमी की साठेबाजी?

२०२३ सालच्या ऑक्टोबरात युद्ध सुरू होऊन दोनतीन दिवस होतात न होतात तोच सूचना आली की प्रत्येक घरात ७२ तास पुरेल इतके पाणी व अन्न ठेवावे. घाई करू नये असा खुलासा मागाहून झाला, पण तोवर रामलेच्या आमच्या दुकानातील पाण्याच्या बाटल्या आणि टूनाचे डबे नाहीसे झाले होते. रांगेत उभे असताना आम्हांस आमच्या आत्याची आठवण झाली. आज जे सामान भरून ठेवा म्हणून सरकार मागे लागते, तेच सामान १९५० साली तिने याच देशात पलंगाखाली लपवले होते.

आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. सारा जन्म परिचारिकेच्या नोकरीत गेला. परंतु या भरलेल्या फळ्यांचाही एक इतिहास आहे, आणि तो आपल्या मंडळींच्या स्वयंपाकघरांतून गेलेला आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

कोकणात आपल्या आयाआज्या ज्याला आगोटीची बेगमी म्हणत, ती कोणत्याही युद्धासाठी नव्हती. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद, ओढे भरले की गावाचा बाजाराशी संबंध तुटला. म्हणून मे महिन्यातच कणगीत तांदूळ, माळ्यावर सुकी लाकडे व गोवऱ्या, बरण्यांत मीठ, आमसुले, मसाला, शिंक्यावर खारवलेली मासळी. हे करणारी बाई संसारी म्हणून नावाजली जाई. न करणारीला नावे ठेवीत. मग १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले आणि ‘साठेबाज’ ही शिवी घरोघर पोचली. आमची आजी म्हणे, कणगी तीच, तांदूळ तेच, फक्त नाव बदलले!

इस्रायल देशाचा जन्मच टंचाईत झाला. १९४८ साली यरुशलेमला वेढा पडला तेव्हा शहराच्या यहूदी भागात सुमारे एक लाख माणसे होती. किनाऱ्याकडील मैदानातून येणारी पाण्याची नळवाहिनी मे महिन्यात बंद पडली. पण जाणत्या लोकांनी आधीच एक काम करून ठेवले होते. जुन्या घरांखाली पावसाचे पाणी साठवण्याची टाकी असत. नळ आल्यापासून त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. ती शोधून, भरून, बंद करून ठेवली गेली. त्या साठ्यातून माणशी दिवसाला सुमारे १० लिटर पाणी मिळे. त्यानेच तोंड धुवायचे, त्यानेच मग कपडे, त्यानेच फरशी आणि शेवटी ते संडासात. पाव तोलून मिळे, आणि बायका माळावर जाऊन खुबेझाची पाने खुडून आणीत. जून महिन्यात डोंगरातून नवा रस्ता निघाला आणि शहर तगले. वाण्याच्या दुकानापेक्षा त्या विसरलेल्या टाक्यांनी लोकांना जगवले, असे आम्हांस वाटते.

यरुशलेमची रसद सांभाळणारे डोव योसेफ हेच पुढे रेशनखात्याचे मंत्री झाले आणि एप्रिल १९४९ मध्ये ‘त्सेना’ सुरू झाली. देशाची लोकसंख्या साडेतीन वर्षांत दुप्पट झाली होती, परकीय चलन नव्हते, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता, हे कबूल केले पाहिजे. कुपनावर साखर, कुपनावर तेल, अंड्यांच्या जागी अंड्यांची भुकटी. आमची आत्या १९५० साली आली ती याच काळात. ती सांगे की तांदूळ मिळेना, पोट भरले तरी जेवल्यासारखे वाटेना. (भात खाणाऱ्यांसाठी बेन-गुरियन यांच्या सांगण्यावरून गव्हाचे ‘पतीतिम’ निघाले, त्यांना लोक ‘बेन-गुरियनचा भात’ म्हणू लागले. आमच्या आत्याने त्याला भात म्हणण्याचे शेवटपर्यंत नाकारले.) काळ्या बाजाराविरुद्ध मोहीम निघाली तेव्हा तपासनीस बस थांबवून पिशव्या उघडून पाहत. एकदा आत्या एका मोशाववरून आठ अंडी घेऊन येत होती. पुढे तपासणी दिसताच ती दोन थांबे आधी उतरली आणि उन्हातून चालत घरी आली. घरी तापाने फणफणलेला मुलगा होता. आता याला बेगमी म्हणावे की काळा बाजार? कायद्याने उत्तर स्पष्ट होते. आम्हांला अजून ते तसे स्पष्ट वाटत नाही.

१९५२ साली आपली काही कुटुंबे कंटाळून, दुखावून भारतात परत गेली व त्यांतली बरीच पुढे पुन्हा आली. ती कथा मोठी आहे, कधीतरी स्वतंत्र लिहावी. त्सेनाचे नियम हळूहळू सैल होत १९५९ साली संपले.

१९६७ च्या युद्धाआधीच्या तीन आठवड्यांत लोकांनी पुन्हा दुकाने रिकामी केली. १९७३ साली मोटारींच्या दिव्यांना निळा रंग लागला. आम्ही आलो १९८२ साली, अलिबागेहून मॅट्रिक होऊन, आणि पाहिली ती साठवण निराळीच. १९८४ साली महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर गेली होती. लोक टेलिफोनचे ‘असिमोनिम’ पिशव्या भरून ठेवीत, कारण पैशाची किंमत उतरली तरी एका टोकनला एक फोन मिळेच.

पण खरी परीक्षा १९९१ ची. मास्कच्या पेट्या आधीच्या शरद ऋतूपासून वाटल्या जात होत्या. जानेवारीत इराकी क्षेपणास्त्रे येऊ लागली. ‘हेदेर अतूम’ करण्यासाठी प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल, बादलीत सोड्याचे पाणी. आमच्या यजमानांनी चिकटपट्टीची बारा भेंडोळी आणली. तांदूळ, मसूर, मेणबत्त्या सर्व होते. आणि आम्ही स्वतः परिचारिका असून आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या आहेत हे पाहिले नाही! चौथ्या दिवशी डबी रिकामी झाली. दवाखान्यातून आणल्या हे खरे, पण त्या रात्रीची लाज अजून गेली नाही.

त्याच आठवड्यात रुग्णालयात एक आपल्यापैकीच बाई आणली गेली. भोंगा वाजताच तिने पेटीतले अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन मांडीत टोचून घेतले होते. तोंड कोरडे पडलेले, बाहुल्या मोठ्या झालेल्या, नाडी धावत होती. विषारी वायू कोठेच नव्हता. हिब्रू सूचना तिला वाचता येत नव्हत्या, आणि आम्ही मराठीत विचारले तेव्हा ती रडू लागली. त्या युद्धात दोनशेहून अधिक माणसे अशा विनाकारण घेतलेल्या इंजेक्शनामुळे रुग्णालयात आली. काहीजण तर मास्कच्या गाळणीवरचे बूच न काढता मास्क चढवून गुदमरून गेले. सामान घरात होते, ते वापरायचे कसे हे कोणी त्यांच्या भाषेत सांगितले नव्हते. ड्यूटी संपली की आम्ही आपल्या मंडळींच्या घरी जाऊन, बूच काढून, मास्क लावून दाखवीत असू. एका आजीबाईंनी मास्कमध्ये सुपारी तशीच तोंडात ठेवली होती.

१९९२ नंतर नव्या घरांत ‘मामाद’ सक्तीचा झाला. आमच्याही नव्या घरात तो आला, आणि काय सांगावे, पक्की भिंत व लोखंडी दार पाहताच आमच्यातली कोकणी बाई जागी झाली. तांदळाची पोती, लोणच्याच्या बरण्या, पाण्याचे खोके, जुन्या गाद्या सर्व तेथे गेले. जून २०२५ मध्ये इराणशी बारा दिवसांचे युद्ध झाले, तेव्हा पहिल्या रात्री आम्ही सात माणसे त्या खोलीत शिरलो आणि दार लागेना. एक पोते आड येत होते. जावयाने ते ओढून दिवाणखान्यात फेकले, ते फुटले, आणि पहाटे बाहेर आलो तेव्हा सगळ्या फरशीवर तांदूळ पसरला होता. सूनबाईंनी झाडू घेतला. आम्ही तिला थांबवले व सूप आणले.