एस. चंद्रशेखर: नेमके कोणते?

भौतिकशास्त्राच्या संदर्भसूचीत 'एस. चंद्रशेखर, १९७७' अशी नोंद आढळली, तर ती श्वेतबटू ताऱ्यांच्या चंद्रशेखरांच्या खात्यावर जमा करण्याचा मोह सहज होतो. ते तेव्हा शिकागोत कृष्णविवरांच्या गणितात गढले होते, त्यामुळे संशयही येत नाही. परंतु त्याच वर्षी बंगळूरमध्ये दुसरे एस. चंद्रशेखर द्रव स्फटिकांवर काम करत होते.

तमिळ पद्धतीत आद्याक्षर वडिलांच्या नावाचे असते आणि आडनाव सहसा नसतेच. ताऱ्यांचे चंद्रशेखर (१९१०–१९९५) सुब्रह्मण्यन यांचे पुत्र, तर द्रव स्फटिकांचे (१९३०–२००४) शिवरामकृष्णन यांचे. आणखी गंमत अशी, की सर सी. व्ही. रामन हे पहिल्यांचे काका आणि दुसऱ्यांचे मामा. एकाच घराण्यातले हे दोन मामे-आतेभाऊ, दोघेही भौतिकशास्त्रज्ञ, दोघेही रॉयल सोसायटीचे फेलो. १९८३ मध्ये थोरल्यांना नोबेल मिळाले आणि धाकट्यांना ही फेलोशिप.

धाकट्यांचे कार्य नावाच्या सावलीत झाकोळले, हे खेदाचे आहे. १८८८ पासून ज्ञात असलेल्या द्रव स्फटिकांचे रेणू लांबट, काडीसारखे असावे लागतात अशी समजूत जवळजवळ नव्वद वर्षे रूढ होती. रामन संशोधन संस्थेत चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी बेंझीनच्या कड्याला सहा शाखा जोडलेले चकतीसारखे रेणू घेतले आणि तेही द्रव स्फटिक बनतात हे दाखवले. चकत्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात. हे स्तंभ आपापसांत शिस्तीने उभे राहतात. स्तंभाच्या आत मात्र द्रवासारखी सैल रचना असते. हा शोध 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९९० च्या दशकात फुजी कंपनीने अशाच चकतीरूप रेणूंचा पातळ पडदा एलसीडी पडद्यांवर बसवला आणि बाजूने पाहताना चित्र बिघडण्याचा दोष बराच कमी झाला.

तिसरे एस. चंद्रशेखर (१९१८–२००१) लोकसंख्याशास्त्रज्ञ. यांच्या 'एस.'चा अर्थ श्रीपती. ते १९६७ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारात आरोग्य व कुटुंबनियोजन खात्याचे मंत्री झाले. त्यांच्याबाबत गोंधळ फारसा होत नाही, कारण विषयच वेगळा.

खरा सापळा चौथ्या नावात आहे. 'चंद्रशेखर मर्यादा' म्हणजे श्वेतबटूचे कमाल वस्तुमान, सूर्याच्या सुमारे १.४ पट. 'चंद्रशेखर–क्लॉग्स्टन मर्यादा' मात्र अतिवाहक पदार्थाला सोसता येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची, इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे ठरणारी सीमा. ती १९६२ मध्ये मांडणारे बी. एस. चंद्रशेखर हे निराळेच गृहस्थ. परीक्षेत एकीच्या जागी दुसरी लिहिली, तर उत्तर अवकाशातून थेट प्रयोगशाळेतल्या शीतकपाटात जाऊन पडते.

संशोधकांना सोळा अंकी स्वतंत्र ओळख देणारी 'ऑर्किड' व्यवस्था २०१२ मध्ये सुरू झाली. तोवर तिन्ही एस. चंद्रशेखर हयात नव्हते. त्यांच्या जुन्या नोंदी आजही विषय, संस्था आणि सहलेखक पाहूनच वेगळ्या कराव्या लागतात.