परिचित आकृतींचे पुनर्मुद्रण

‘पॉप आर्ट’ म्हणून ओळखला जाणारा चित्रसंप्रदाय ही केवळ अमेरिकेतील एक लहर होय, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आम्हांस हे मत अपुरे वाटते. रॉय लिक्टेनस्टाइन याने १९६१ साली मुलांच्या पुस्तकातील मिकी उंदीर व डोनाल्ड बदक छपाईच्या ठिपक्यांसह मोठ्या पटावर उतरविले. पुढे १९८१ साली अँडी वॉरहॉलने ‘मिथ्स’ या दहा मुद्राचित्रांच्या मालिकेत त्याच उंदराला सुपरमॅन व सांताक्लॉज यांच्या पंक्तीस बसविले. व्यंगचित्रातील पात्रांस त्याने पुराणपुरुष मानले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कारण आपल्याकडील क्रम याच्या नेमका उलट होता. येथे पुराणपुरुषच आधी छापखान्यात शिरले.

पुण्यास १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनी चित्रशाळा काढली. तिच्या रंगीत चित्रांनी मराठी घरांच्या भिंती व्यापल्या. राजा रविवर्मा यांस १८८८ साली बडोद्याच्या राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचे काम मिळाले, आणि १८९४ साली गिरगावात त्यांचा शिळाछापखाना सुरू झाला. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा, आणि सर्व रंग नेमके एकमेकांवर बसविण्याची ती कसोटी! राजवाड्यात राजपाहुण्यांनी पाहावी अशी लक्ष्मी-सरस्वती या शिळांवरून माजघरात आली. तेथील गृहिणींनी पुढे काय केले, हे आमच्या कलेतिहासकारांनी पुरेसे मनावर घेतलेले दिसत नाही. छापील देवीस त्यांनी कापडाचे खरे लुगडे चिकटविले, जर व टिकल्या लावल्या. एकाच शिळेवरून निघालेल्या शेकडो सरस्वतींपैकी प्रत्येकीचा साज अशा रीतीने निराळा झाला. पॉप आर्टचा शब्दही जन्मास आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

मुंबईत जन्मलेले व पेशाने हिशेबतपासनीस असलेले भूपेन खख्खर १९६२ साली बडोद्यास गेले. बाजारातील अशीच देवचित्रे कापून त्यांनी आपल्या चित्रांत चिकटविली, आणि १९६५ साली ती जहांगीर कलादालनात मांडली. बडोद्याच्या राजवाड्यातून निघालेले रूप गिरगावच्या शिळेवरून बाजारात आले व बडोद्याच्याच एका चित्रकाराच्या कात्रीखाली परतले. ही थट्टा म्हणावी की ओढ? आमच्या मते दोन्ही. आणि दोन्ही शक्य झाली, ती छपाईने ते रूप आधीच सर्वांचे केले होते म्हणून.

मात्र प्रत्येक रूप असे सर्वांचे असते काय? आमच्या आमलीच्या शाळेत हा प्रश्न अकस्मात उभा राहिला. हस्तलिखित वार्षिकाच्या मुखपृष्ठासाठी मुलांनी लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडातून स्वतः छपाई करण्याचे ठरविले. त्यांनी वारली रीतीच्या दोन त्रिकोणांचे धड असलेला मिकी काढला. एका चित्रात तो तारप्याभोवती फेर धरून नाचत होता, तर दुसऱ्यात लग्नचौकात उभा होता. मुले नमुना घेऊन घरोघर गेली. एका विद्यार्थ्याच्या आजीस नाचणारा उंदीर फार आवडला. चौकातील उंदीर मात्र तिने मान्य केला नाही. तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी लिहावयाचा तो चौक पालघट देवीचा. लग्नावाचून तो लिहीतच नाहीत, असे तिने मुलांस बजावले.

आम्ही प्रथम मुलांचा पक्ष घेतला, हे येथे कबूल केले पाहिजे. कलेस मुभा असावी, असे आम्ही वर्गात नेहमी सांगत आलो. पण उंदरावरही पहारा होताच की! १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’ या बोलपटावरील स्वामित्वहक्क अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी संपला. तोवर त्यातील उंदीर वापरावयाचा तर परवानगीचा कागद लागे. कंपनीचा कागद मानावा आणि आजीचा शब्द मात्र अंधश्रद्धा ठरवावा, हे न्यायाचे नव्हे. रविवर्म्याच्या सरस्वतीस जर लावणारी गृहिणी त्या देवीची पूजाही करीत होती. आमची मुले चौकाकडे केवळ एक सुबक चौकट म्हणून पाहत होती.

आम्ही आजींकडे जाऊन हे बोललो. त्यांनी एवढेच विचारले, की मुलांस फेर नीट काढता येतो ना. कारण त्यांच्या चित्रात दोन नाचणाऱ्यांनी तारप्याकडे पाठ केली होती. मुलांनी ती चूक सुधारली आणि मुखपृष्ठावर तारप्याचा फेर तेवढा छापला.