आपला गांडूळखड्डा

स्मरणिका समितीने विषय वाटले तेव्हा गणेशोत्सव, बोअरवेल आणि लिफ्ट आधीच गेले होते. माझ्या वाट्याला आला मागच्या भिंतीलगतचा, कडुनिंबाखालचा गांडूळखड्डा. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो. सभासदांनी सांभाळून घ्यावे.

गांडुळांवर चार्ल्स डार्विनने 1881 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, आख्खे पुस्तक लिहिले. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी वर्षाला 10 टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब. आपल्या जवळचे उदाहरण इंदूरचे. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याची पद्धत बसवली व 1931 मध्ये तिच्यावर पुस्तक काढले. त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी वऱ्हाडी होता. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीचे करायचे काय? ती लवकर कुजत नाही. म्हणून ती रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरून घ्यायची आणि मग गोठ्यात अंथरायची. आपल्याकडे ती सरळ चुलीत जायची. पण हॉवर्डच्या ढिगात काम जंतूंचे, आणि ढीग तापतो. गांडुळाला तापलेला ढीग चालत नाही. हा फरक आम्हाला ठाऊक नव्हता, आणि तिथेच आम्ही फसलो.

जुन्या सभासदांना आवाराची तेव्हाची दशा आठवत असेल. सगळी काळी माती, त्यात बांधकामाचा मलबा. पावसाळ्यात चप्पल सुटत नसे, वैशाखात भेगांत बोट जाई. कुंडीतली माती आकसून कडेपासून सुटायची आणि घातलेले पाणी बाजूने खाली निघून जायचे. जास्वंदीची तीन रोपे गेली. 2000 सालच्या केंद्राच्या घनकचरा नियमांत गांडूळखताचे नाव आल्यामुळे त्याची चर्चा सगळीकडे होती. आम्ही चौघे अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीला गेलो आणि डोक्यात खूळ घेऊन अमरावतीला परतलो.

दहा फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. फेब्रुवारीत गांडुळे सोडली. वर ताजे शेण, त्यावर साऱ्या बिऱ्हाडांचा ओला कचरा, लोणच्याच्या फोडी आणि संत्र्याच्या सालींसकट! एप्रिलमध्ये वास सुटला. उकरून पाहिले तर एकही जिवंत नाही. माळीबुवा म्हणाले, "म्या म्हनलं होतं ना जी, शेन मुरू द्या म्हून. आतून भट्टीवानी तापलं तं जनावर जाईन कुठी?" त्यात बाहेर 44 अंश. वार्षिक सभेत "खड्डा बुजवा" असा ठराव आला आणि दोनच मतांनी पडला. ती दोन मते कोणाची, ते अजून वादात आहे.

वाचवले ते बी विंगच्या काकूंनी. त्यांनी सूत्रे हातात घेतली, म्हणजे अक्षरशः डबाच हातात घेतला. आंबट, खारट, तेलकट काही नाही. शेण पंधरा दिवस सावलीत मुरलेले. कचरा आधी थोडा कुजवलेला. वर ओले पोते, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा शिंपण. मुंग्यांसाठी भोवती पाण्याची नाली. दीड-दोन महिन्यांत वरचा थर चहापत्तीसारखा दाणेदार झाला. मग चार दिवस पाणी बंद, खताचा ढीग करायचा, गांडुळे ओलाव्याकडे तळाशी जातात, वरचे चाळून घ्यायचे. कुंडीत तीन भाग माती, एक भाग हे खत. काळ्या मातीचे ढेकूळ मोकळे झाले आणि पाणी मुरू लागले. नुसत्या रासायनिक खताने हे झाले नसते, हे माझे ठाम मत आहे.

2016 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांना पद्मश्री मिळाली, त्या सुमारास नवा वाद उभा राहिला. गांडूळखताला पाळेकरांचा कडवा विरोध. हे परदेशी जनावर खरे गांडूळच नव्हे, असे ते म्हणतात. त्यांच्या शिबिराहून आलेल्या एका सभासदाने ते सभेत लावून धरले. काकू चिडल्या. मला वाटते, निम्मी गोष्ट बरोबर होती. खतासाठी वापरतात ती आयसेनिया फेटिडा जात मातीत खोल जात नाही, कुजलेल्या वस्तूंतच राहते. बिळे करून जमीन पोखरणारे ते आपले देशी गांडूळ, पावसात वर येणारे. पण आम्हाला शेत नांगरायचे नव्हते, पंचवीस बिऱ्हाडांच्या भाजीच्या देठांचे काय करायचे हा प्रश्न होता. तो वाद मिटला नाही. त्या सभासदांनी त्यांच्या कुंड्यांत जीवामृत घातले, काकूंनी गांडूळखत, आणि दोघांचेही मोगरे फुलले.

आता काकू मुलीकडे पुण्याला असतात. चैत्र लागला की फोन येतो, "पोते ओले केले का?" यंदा खड्ड्याच्या जागी पार्किंग करावे असा अर्ज आला आहे. मी टेप घेऊन मोजून आलो. तीन फूट रुंदीत स्कूटर मावेल, कार नाही. येत्या सभेत मी विरोधात मत देणार आहे, आणि या वेळी माझे मत कोणाचे, हे वादात राहू नये म्हणून इथे लिहून ठेवतो.