रेषेवरचं रोप

अर्थशास्त्र हे भौतिकशास्त्रासारखं सायन्स आहे का, असा प्रश्न आमच्या आष्टीत कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, "विमा आला का?" पण हे दोन प्रश्न वाटतात तेवढे लांब नाहीत.

प्रशांतचंद्र महालनोबिस मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९३१ मध्ये त्यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली. पीक मोजतानाही डोकं प्रयोगशाळेतलंच: शेतात काही फूट त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, आतलं पीक कापून तोलायचं, आणि अशी वर्तुळं भरपूर घ्यायची.

यावर हरकत घेतली आपल्या पांडुरंग सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले. १९४६ मध्ये त्यांनी दाखवलं, की लहान तुकडा उत्पादन फुगवून सांगतो. का? तर रेषेवरचं रोप आतलं की बाहेरचं हे ठरवताना कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. वर्तुळ लहान, तितका क्षेत्रफळाच्या मानाने परीघ मोठा. आणि चूक एकाच दिशेची असली की हजार वर्तुळं घेऊनही ती जात नाही! मला हा वाद जाम आवडतो.

पुढे १९७६ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकरांनी पीक विम्याची मांडणी केली. एकेक शेत तपासत बसू नका, सारख्या भागाची सरासरी धरा. १९८५ची देशव्यापी योजना याच तत्त्वावर आली.

वायूचं तापमानही असंच, रेणूंच्या सरासरीचं. गंमत म्हणजे १८६०मध्ये रेणूंच्या वेगांचा नियम मांडणाऱ्या मॅक्सवेलने त्याआधी क्वेटलेच्या कामावरचा हर्शेलचा लेख वाचला होता, आणि क्वेटले मोजत होता माणसं. म्हणजे उसनवारी दोन्हीकडून.

रेणूला मात्र हप्ता भरावा लागत नाही. धरा, कडा मंडळात एकाची तूर पार वाळली, बाकीच्यांची बरी आली. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या वर राहिली, तर सरासरीच्या हिशेबात त्याला काहीच नाही. उलट कापणीचा तुकडाच फुगला, तर अख्ख्या मंडळाचं नुकसान. त्यामुळे गावात पीक कापणी प्रयोग लागला, की बांधावर जाऊन उभे राहा आणि दोरी कुठून धरतात ते नीट बघा.