इंग्रजी पहिलीचा वर्ग

जुन्या मुंबई इलाख्यात हायस्कुलात शिकलेल्या मराठी मुलाच्या आयुष्यात 'पहिली' ही इयत्ता दोनदा येत असे. मराठी चौथी उतरली, की वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षीच त्याच्या पुढे दोन वाटा फुटत. मराठी सातवीपर्यंत जाऊन व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा द्यावी आणि प्राथमिक शाळेतील मास्तरकी किंवा तलाठ्याचे दफ्तर पत्करावे, ही एक. जास्त फीचा भार सोसून 'इंग्रजी पहिली'त नाव घालावे आणि सात वर्षांनी मॅट्रिकचा उंबरठा ओलांडावा, ही दुसरी. मुलाने कोणत्या वाटेने जावे याचा निकाल बहुधा त्याच्या बुद्धीपेक्षा वडिलांच्या मिळकतीवरच लागे.

ही व्यवस्था एका फर्मानाने अस्तित्वात आली नव्हती. मेकॉलेचे 1835 चे प्रसिद्ध टिपण कलकत्त्याचे. मुंबईकडे एल्फिन्स्टनच्या अमदानीपासून पाश्चात्त्य विद्या मराठीत उतरवून शिकवावी असा एक सबळ पक्ष होता आणि कर्नल जॉर्ज जर्व्हिस त्याचा कैवारी होता. पुढे बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्षपद सर अर्स्किन पेरी यांच्याकडे आल्यावर वरिष्ठ शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा त्याच मंडळाचे सभासद असलेल्या नाना शंकरशेट यांनी, स्वतः इंग्रजी उत्तम जाणत असूनही, बहुजनांपर्यंत ज्ञान जायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच गेले पाहिजे, असे निक्षून प्रतिपादिले. 1854 च्या वुडच्या खलित्याने दोन्ही पक्षांना थोडेथोडे देऊन वाद मिटवल्यासारखे केले. प्रत्यक्षात त्याचा निवाडा 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने केला. 1859 साली पहिली मॅट्रिक झाली, तीत रानडे आणि भांडारकर उत्तीर्ण झाले. मॅट्रिकच्या उत्तरपत्रिका इंग्रजीतून लिहावयाच्या म्हटल्यावर तिच्याखालच्या वर्गांतही भूगोल, इतिहास आणि बीजगणित इंग्रजीतूनच चालू लागणे अपरिहार्य होते. याची परिसीमा संस्कृतात पाहावी: भांडारकरांचे संस्कृतचे पहिले पुस्तक इंग्रजीत लिहिलेले, त्यामुळे ज्या मुलाच्या घरी आजोबा रोज रूपावली म्हणत, तो मुलगा 'राम' शब्दाच्या विभक्ती इंग्रजी नावांनी शिकत असे!

आणि तरीही या शिक्षणाचे आकर्षण केवळ सरकारी नोकरीचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठी गद्याचा अभिमान ज्यांच्या लेखणीने जागविला, त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन 1880 च्या जानेवारीत पुण्यात टिळकांसह जी शाळा काढली, तिचे नाव त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल असेच ठेवले. यात विसंगती पाहणारे पाहोत. राज्यकर्त्यांशी त्यांच्याच शस्त्राने लढावयाचे, तर ते शस्त्र हाती घेणे त्या पिढीला क्रमप्राप्त वाटले, एवढेच मला त्यात दिसते. मातृभाषेतून वरिष्ठ शिक्षण आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय, हा तोडगा महर्षी कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठात अमलात आणला, तेव्हा तो पुष्कळांना धाडस वाटला.

वर्गात मात्र या तात्त्विक वादांचा मागमूस नसे. 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हा घोष सुरात चाले; स्पेलिंग चुकले की छडी ठरलेली. वरच्या वर्गात एकेका शब्दाचे पार्सिंग, पाठ केलेले अर्थ, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील मराठी वाक्ये इंग्रजीत फिरवण्याचा नित्यनेम. या पाठमालेची चेष्टा करण्याची पुढे रीत पडली, परंतु मराठी वाक्यरचनेला हाताशी धरून परकी वाक्यरचना क्रमाक्रमाने उलगडण्याचे तिचे कसब मला अनेक नव्या पुस्तकांत आढळत नाही. तिच्यावर पोसलेला विद्यार्थी निर्दोष अर्ज लिही. बोलण्याची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटे.

हे वैगुण्य ओळखणारा एक अंमलदार मुंबईच्या शिक्षणखात्यात होता. पर्सिव्हल रेन याने हिंदुस्थानातील शाळांमधील इंग्रजीच्या 'प्रत्यक्ष' अध्यापनावर 1911 साली पुस्तक लिहिले. वस्तू दाखवावी, कृती करावी, मुलाला आधी बोलू द्यावे, हा या पद्धतीचा आशय. पण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात, ज्याने स्वतः इंग्रजी कानांनी क्वचितच ऐकले त्या मास्तराकडून, हे साधावयाचे कसे? तेव्हा मास्तरांनी जुनेच चालू ठेवले. आणि काळाचा विनोद असा, की त्या रेनचे नाव घरोघर झाले ते के. अँड जे. कूपर यांनी मुंबईत छापलेल्या 'रेन अँड मार्टिन' या नियमबद्ध व्याकरणामुळे.

स्वातंत्र्य येताच बाळासाहेब खेरांच्या सरकारने प्राथमिक शाळेतून इंग्रजी उचलून आठवीत नेले. 1954 मध्ये मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांची दारे अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई मुलांपुरती मर्यादित करण्याचा हुकूम काढला, तो देवळालीच्या बार्न्स शाळेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरवला. पुढे इंग्रजी पाचवीत आले. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते थेट पहिलीत आले. दीड शतक आपण इयत्ता मागेपुढे सरकवण्यात खर्ची घातले, आणि इंग्रजी शिकवणाऱ्याच्या तयारीकडे त्या मानाने फारच कमी पाहिले. आता पहिलीच्या अलीकडे सरकवायला इयत्ता उरलेली नाही. यापुढची सुधारणा शिक्षकापासूनच करावी लागेल.